बाबांचं वजन ८२, काकांचं ५२: बीपीच्या दोन भावांपैकी काळजी कुणाची?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाबा ६४ वर्षांचे, उंची १६६ सेंटिमीटर, वजन ८२ किलो, कंबर १०४ सेंटिमीटर. १२ वर्षांपासून बीपी, दोन गोळ्या चालू, साखर काठावर. धाकटे काका ६१ वर्षांचे, उंची तेवढीच, वजन ५२. चार वर्षांपूर्वी बीपी निघालं, गोळी आठवली तर घेतात, तंबाखू चालू आहे. काका सगळ्यांना सांगतात, ‘बीपी जाड्यांना मारतं, मी तर काडी आहे.’ इकडे बाबांना कुणीतरी मोबाइलवर पाठवलं की बीपी असलेल्या जाड माणसांमध्ये मृत्यूचं प्रमाण उलट कमी असतं. त्या दिवसापासून सकाळचं फिरणं बंद आणि संध्याकाळची भजी चालू. कुणाचं खरं मानायचं? बाबांनी वजन उतरवावं की नाही? (काका दोन वर्षांपूर्वी ५८ किलो होते, पण शेतावर चालणं खूप असतं, त्यामुळे उतरलं असेल.)

कंसातल्या वाक्यापासून सुरुवात करतो. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय, पण मला सगळ्यात जास्त त्याचीच काळजी वाटली. ५८ चे ५२ म्हणजे दहा टक्के वजन गेलं, आणि ते कुणी ठरवून घालवलेलं नाही. तुम्ही विचारलंत बाबांबद्दल, पण मला आधी काकांना तपासायचं आहे.

आम्हा फिजिशियन लोकांचा एक साधा नियम असतो. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं, तर कारण सापडेपर्यंत शोधायचं. काकांना दोन वर्षं लागली हे कबूल, पण मधल्या काळात ते काट्यावर उभेच राहिले नसतील, तर ते सहा किलो दोन वर्षांत गेले की गेल्या चार महिन्यांत, हे कुणाला ठाऊक? शेतावरच्या चालण्याचं कारण मला पटत नाही. शेत काही त्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेलं नसणार.

साठीच्या, तंबाखू खाणाऱ्या, बीपी असलेल्या माणसाचं वजन उतरतंय म्हटल्यावर माझ्या डोक्यात एक रांग उभी राहते. साखर वाढून वजन उतरलं का? मधुमेह फक्त जाडांनाच होतो असं नाही. मूत्रपिंडं बिघडत चालली आहेत का? त्यात भूक मरते, वजन उतरतं आणि बीपी चढतं, सगळं एकाच कारणाने. थायरॉइड जोरात चाललाय का? क्षय आहे का? तोंडात, घशात, अन्ननलिकेत गाठ आहे का? शेवटच्या प्रश्नासाठी कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. काकांना उजेडात बसवा, तोंड पूर्ण उघडायला सांगा, गालाच्या आतून आणि जिभेखाली पांढरा-लाल चट्टा किंवा न भरलेली जखम दिसते का ते बघा. भाकरी गिळताना अडकते का, हे विचारा. घरातल्या मंडळींना यातलं काहीतरी आधीच माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं.

बारीक माणूस आणि मृत्यू या विषयावर आपल्याच मुंबईत झालेला एक मोठा अभ्यास आहे. १९९१ ते १९९७ या काळात पस्तिशीपुढच्या १,४८,१७३ मुंबईकरांची वजनं-उंच्या घरोघरी जाऊन मोजली गेली, तंबाखूच्या सवयी विचारल्या गेल्या आणि पुढे काही वर्षांनी पुन्हा जाऊन कोण हयात आहे, कोण नाही याची नोंद झाली. जाड माणसांचं काय झालं हे त्यात आहेच, पण नजरेत भरते ती दुसऱ्या टोकाची ओळ: अतिशय कृश माणसांमध्ये मृत्यूचं प्रमाण फार मोठं होतं, आणि त्यातला ठळक वाटा क्षयाचा होता. यात सगळ्या प्रकारची माणसं होती, फक्त बीपीचे रुग्ण नव्हेत. तरीही आपल्याकडे ‘बारीक म्हणजे निरोगी’ हे समीकरण किती फसवं आहे, ते यातून कळतं.

आता बाबांच्या मेसेजकडे येतो. तो खोटा नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड आहे. निव्वळ अफवा असती तर ‘काढून टाका’ म्हटलं असतं.

मागे १४ देशांत एक चाचणी झाली होती. पन्नाशीपुढचे, बीपी आणि हृदयविकार दोन्ही असलेले २२,५७६ रुग्ण. मुळात ती दोन औषधपद्धतींची तुलना होती. २००७ मध्ये तीच आकडेवारी वजनाप्रमाणे लावून पाहिली तर सामान्य वजनाच्या रुग्णांपेक्षा जास्त वजनाच्या आणि लठ्ठ रुग्णांमध्ये मृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघात हे सगळं मिळून धोका साधारण पाव ते एक तृतीयांशाने कमी निघाला. वर गंमत म्हणजे लठ्ठ मंडळींचं बीपी औषधांनी तुलनेने कमीच उतरलं होतं. त्याआधी, २००० मध्ये, साठीपुढच्या आणि फक्त वरचं बीपी वाढलेल्या अमेरिकी रुग्णांच्या चाचणीतूनही असंच काहीसं बाहेर आलं होतं. उपचार घेणाऱ्या गटात सर्वांत कमी मृत्यू पुरुषांमध्ये २६ बीएमआयच्या आसपास आणि स्त्रियांमध्ये जवळजवळ ३० च्या आसपास होते. स्त्रियांची रेषा तर बरीच लांबपर्यंत सपाटच होती. (बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. बाबांचा २९.८ येतो, काकांचा १८.९.)

बाबांनी हे वाचलं आणि भजी मागवली. मीही तरुणपणी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा चक्रावलो होतो, कारण रोज ओपीडीत लठ्ठ रुग्णांना ‘वजन उतरवा’ म्हणून दामटत होतो. मग हळूहळू लक्षात आलं की आकडे खरे असले तरी ते एका वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतायत.

असं बघा. उन्हाळ्यात विहीर आटली तर गावात कुणी का म्हणून विचारत नाही. श्रावणात आटली तर मात्र सगळे वाकून बघतात, कारण तळाशी काहीतरी घडलेलं असणार. जाड माणसाला बीपी होतं त्याचं कारण समोरच दिसतं: पोट. सडपातळ माणसाला बीपी होतं तेव्हा कारण दुसरीकडे असतं. ताठर झालेल्या रक्तवाहिन्या, थकलेली मूत्रपिंडं, तंबाखू, घराण्यातला दोष, एखाद्या ग्रंथीचा आजार. तरुण मुलीला बीपी असेल आणि एका हाताची नाडी लागत नसेल तर रक्तवाहिन्यांची सूज. म्हणजे ‘बीपीचे रुग्ण’ अशी एकच पिशवी केली आणि त्यात जाड-बारीक वेगळे केले, की बारकांच्या बाजूला जुनाट, मुरलेली दुखणी जास्त पडतात. त्यांचे मृत्यू जास्त दिसतात ते त्या दुखण्यांमुळे. चरबीने जाडांना वाचवलं, असं त्यातून सिद्ध होत नाही.

दुसरं, आजारी माणूस बारीक होतो. अभ्यास सुरू झाला त्या दिवशी ज्याचं वजन ५२ होतं, तो मुळचा ५२ चा की काकांसारखा ५८ वरून घसरत आलेला, हे एकदाच मोजलेल्या वजनातून कळत नाही. आत कर्करोग सुरू झालेला माणूस ‘सडपातळ’ या खान्यात जातो, दीड वर्षाने जातो, आणि त्या मृत्यूचा दोष सडपातळपणाच्या नावावर पडतो. विडी-सिगारेटचंही तसंच: ओढणारे बहुधा बारीक असतात आणि लवकर जातात.

हा घोळ निस्तरायचा तर ओढणाऱ्यांना बाजूला काढावं लागतं, आधीच आजारी असलेल्यांना बाजूला काढावं लागतं आणि पहिल्या काही वर्षांतले मृत्यू मोजायचे नसतात. २०१६ मध्ये जगभरातल्या २३९ अभ्यासांची माहिती एकत्र करून हेच केलं गेलं. एक कोटीहून अधिक माणसांपासून सुरुवात झाली, कधीच धूम्रपान न केलेले, जुनाट आजार नसलेले आणि पहिली पाच वर्षं पार केलेले असे सुमारे ४० लाख उरले. त्यांच्यात सर्वांत कमी मृत्यू २० ते २५ बीएमआयला होते, आणि त्यापुढे वजन चढेल तसा धोका चढत गेला. ‘जाड तो टिकतो’ हा चमत्कार तिथे विरून गेला. तो अभ्यास सर्वसाधारण माणसांचा होता, बीपीच्या रुग्णांपुरता नव्हे, हे मी लपवत नाही. पण बाबांना बीपी झालं ते बहुतेक या वजनामुळेच. आधी वजनाने बीपी आणलं आणि आता तेच वजन बीपीपासून रक्षण करतंय असं मानायचं, म्हणजे ज्याने घर फोडलं त्यालाच राखणदार नेमण्यासारखं आहे.

इथे एक क्षुल्लक वाटणारी, पण माझ्या मते फार मोठी गोष्ट सांगतो: दंडाचा पट्टा. आपल्याकडे बहुतेक दवाखान्यांत बीपीच्या यंत्राला एकाच मापाचा पट्टा असतो आणि तोच पैलवानाला, तोच आजीबाईला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये २०२३ साली १९५ लोकांवर हे नीट तपासून पाहिलं. ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागायला हवा होता त्यांना नेहमीचा लावला तर वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त दाखवलं गेलं. मोठा पट्टा लागणाऱ्यांना जवळजवळ ५ ने जास्त. आणि ज्यांचे दंड बारीक, लहान पट्टा लागणारे, त्यांना साडेतीनच्या आसपास कमी.

याचा अर्थ तुमच्या घरात काय होतो? बाबांच्या दंडाचा घेर मोजा. ३२-३३ सेंटिमीटरच्या वर असेल तर नेहमीच्या पट्ट्यावरचा त्यांचा आकडा फुगलेला असू शकतो, आणि कदाचित एखादी गोळी त्या फुग्यापायीच वाढलेली असेल. काकांचं उलट. ‘फक्त १४२ आहे’ म्हणून ते जो आकडा मिरवत असतील, तो खरा १४५-१४६ असू शकतो. माझ्या मते रोजच्या व्यवहारात ‘जाड बीपीवाले बरे राहतात’ या समजुतीला थोडा हातभार या पट्ट्याचाही आहे. ज्यांना धड बीपीच नव्हतं अशी काही जाड माणसं रुग्ण म्हणून मोजली जातात, आणि अर्थातच ती चांगली जगतात. मी माझ्या टेबलावर तीन मापांचे पट्टे ठेवतो. सुरुवातीला सगळे हसायचे, ‘डॉक्टरांनी शिंप्याचं दुकान काढलंय’ म्हणायचे.

तरीसुद्धा एवढं सगळं वजा केल्यावर काहीतरी उरतं. ते उरलेलं मला जास्त विचार करायला लावतं. जाड माणसाचं बीपी आणि बारीक माणसाचं बीपी आतून सारखं नसतं. जाड माणसाच्या शरीरात मीठ-पाणी जास्त साचलेलं असतं, हृदय जास्त रक्त ढकलत असतं. बारीक माणसात रक्त तेवढंच, पण नळ्याच आवळलेल्या आणि ताठ. पाइपमध्ये पाणी जास्त सोडलं म्हणून दाब वाढणं आणि पाइपच अरुंद झाला म्हणून दाब वाढणं, असा हा फरक.

मग औषधही सारखं कसं चालेल? ११,५०६ रुग्णांच्या एका चाचणीचं २०१३ मध्ये वजनवार विश्लेषण झालं. सगळ्यांना एक औषध समान होतं, त्याच्या जोडीला अर्ध्यांना लघवी वाढवणारी गोळी आणि अर्ध्यांना अम्लोडिपिन (रक्तवाहिन्या सैल करणारी बीपीची गोळी). लघवीच्या गोळीच्या गटात दर हजार रुग्णवर्षांमागे (म्हणजे हजार रुग्ण वर्षभर पाहिले तर) हृदयमृत्यू, हार्ट अटॅक, पक्षाघाताच्या घटना सामान्य वजनाच्या रुग्णांत ३०.७, जास्त वजनाच्यांत २१.९ आणि लठ्ठांत १८.२ झाल्या. म्हणजे बाबांच्या मेसेजला पुन्हा दुजोरा. पण अम्लोडिपिनच्या गटात तेच आकडे १८.२, १६.९ आणि १६.५ निघाले. फरक जवळजवळ पुसला गेला! बारीक माणसांचा जादा धोका हा काही अंशी त्यांना न मानवणाऱ्या उपचाराचा होता, त्यांच्या बारीकपणाचा नव्हे. मला हा निष्कर्ष पहिल्या वाचनातच पटला, कारण पाणी कमी असलेल्या शरीरातून आणखी पाणी काढलं तर काय होतं, ते मी वॉर्डात पाहिलेलं आहे. सडपातळ म्हातारी माणसं, विशेषतः बायका, लघवीच्या गोळीवर ठेवल्यावर सोडियम उतरून भ्रमिष्टासारखी बोलायला लागतात आणि घरचे म्हणतात, ‘अचानक वय झालं हो.’

यावरून काकांची गोळी तुम्ही घरी बदलायची नाही, हे सांगायला नकोच. त्यांच्या पाकिटावर काय लिहिलंय ते मला कळवा. लघवीची गोळी एकटीच चालू असेल, तर त्यांच्या डॉक्टरांशी बोलावं लागेल. आणि बदललेली असो वा नसो, ती रोज पोटात गेली पाहिजे. मनाला वाटेल तेव्हा गोळी घेणं मला न घेण्याइतकंच धोक्याचं वाटतं. काही गोळ्या तर मध्येच सोडल्या की बीपी उसळी मारतं. सडपातळ माणसाला पक्षाघात होत नाही ही समजूत त्यांच्या डोक्यातून काढणं, हे गोळीइतकंच महत्त्वाचं काम आहे. मेंदूतली नस फुटायला पोट सुटलेलं असावं लागत नाही.

आता बाबांचं पोट. १०४ सेंटिमीटर.

वजनकाट्यापेक्षा मी मोजपट्टीला जास्त मान देतो, आणि भारतीय माणसाच्या बाबतीत तर दुप्पट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघे शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तोच काटा, तोच भागाकार, आणि चरबी दुपटीहून जास्त. आपली चरबी हाता-पायांवर न बसता पोटात, आतड्यांभोवती, यकृतात जाऊन बसते, आणि तिथली चरबी बीपी आणि साखर दोन्ही वाढवते. म्हणून भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी मर्यादा खाली आणल्या: बीएमआय २३ पासून जास्त वजन, २५ पासून लठ्ठपणा, कंबर पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरपर्यंत. अमेरिकी चाचणीतला ‘२६ ला सर्वांत कमी मृत्यू’ हा आकडा आपल्याकडे लठ्ठपणाच्या खान्यात पडतो. परक्या मापाचा सदरा अंगात घालून ‘बसतोय की’ म्हणण्यात अर्थ नाही. मोजपट्टी नसेल तर सुतळी घ्या, बाबांच्या उंचीइतकी कापा, मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी कंबरेला पूर्ण वेढा घालत नसेल तर पोट जास्त आहे. ८३ सेंटिमीटरची सुतळी १०४ च्या कंबरेला कुठे पुरणार?

तर हो, बाबांनी वजन उतरवायचं. पण किती आणि कसं, यावर मी बराच कंजूष आहे. पहिल्या सहा-आठ महिन्यांत ८२ चे ७७ झाले तरी मी खूश. किलोमागे बीपी साधारण एकाने उतरतं, हा अनेक चाचण्यांचा सरासरी हिशोब आहे. पाच किलोत पाच पॉइंट. ऐकायला कमी वाटतं, पण बीपीची एक गोळी सरासरी जेवढं उतरवते, त्याच्या निम्मं तरी हे होतं.

या वयात वजन उतरवणं जिवावर बेतेल का, ही बाबांची भीती मात्र हसण्यावारी नेऊ नका. मेसेजचा खरा धाक तोच आहे. त्याचं उत्तर एका जुन्या चाचणीत सापडतं. ६० ते ८० वर्षांचे, बीपीची एक गोळी घेणारे रुग्ण होते. काहींना वजन उतरवायला शिकवलं, काहींना मीठ कमी करायला, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी बंद करून पाहिली. वजन जास्त असलेल्यांपैकी दोन्ही करणाऱ्या गटात ४४ टक्के रुग्ण बीपी पुन्हा न चढता, गोळी न लागता राहिले, काहीच न करणाऱ्यांत १६ टक्के. वजनं उतरली होती चार-साडेचार किलोच्या आसपास, अचाट काही नाही. आणि १२ वर्षांनी मृत्यू मोजले तेव्हा ठरवून वजन उतरवलेल्यांमध्ये ते वाढलेले नव्हते. हाच तो फरक: काकांचं वजन आपोआप उतरलं, बाबांनी ते उतरवायचं आहे. काट्यावर दोन्ही सारखंच दिसतं.

कसं उतरवायचं यात माझा एकच हट्ट असतो, स्नायू घालवायचे नाहीत. साठीनंतर ‘एक वेळ जेवतो’, ‘फक्त फळांवर राहतो’ असले प्रयोग करून आठ किलो उतरवणारे येतात, त्यांचं पोट तसंच असतं आणि मांड्या वाळलेल्या असतात. २०१५ मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीची ताकद मोजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. मुठीची पकड दर पाच किलोने कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, आणि मृत्यूचा अंदाज बांधायला ही पकड वरच्या बीपीच्या आकड्यापेक्षाही जास्त उपयोगी ठरली. म्हणून बाबांना हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठ-बस करायला सांगा, सकाळ-संध्याकाळ. ताटात उसळ, वरण, पिठलं, ताक, चालत असेल तर अंडी-मासे रोज हवेत. कमी करायचं ते भात-पोळीचं दुसरं वाढप, तळण, फरसाण आणि उपवासाच्या नावाखाली होणारी साबुदाण्याची तुपातली मेजवानी. आषाढी-कार्तिकीला वजन वाढवणारा आमच्याइतका उपवास जगात कुठे नसेल.

मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. त्यात भाजीतलं, भाकरीतलं, लोणच्यातलं, पापडातलं, ठेच्यातलं सगळं आलं. हे दोघा भावांना लागू.

आता एक इशारा. वजन उतरायला लागलं, मीठ कमी झालं, की जुनी औषधं जास्त व्हायला लागतात. बाबांना उठताना अंधारी आली, तर तो अशक्तपणा समजून ‘थोडं खाऊन घ्या’ म्हणू नका. बसून आणि मग उभं राहिल्यावर एक मिनिटाने असं दोनदा बीपी मोजा. उभं राहिल्यावर वरचं २० ने किंवा जास्त पडत असेल तर डोस कमी करायची वेळ झाली, ते आम्ही करू. त्यांच्या दोन गोळ्यांत अटेनोलॉलसारखी (हृदयाचे ठोके कमी करणारी) गोळी असेल तर वजन उतरायला ती जराशी आडवी येते, किलोभराचा प्रश्न असतो. अम्लोडिपिनने पाय सुजले असतील तर ती सूज चरबी नव्हे, त्यावर उपाशी राहून उपयोग नाही.

वजनाच्या नव्या इंजेक्शनबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बाबा पुढच्या मेसेजनंतर विचारतीलच. सेमाग्लुटाइडची १७,६०४ रुग्णांवरची चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात वगैरे झालेले, बीएमआय २७ च्या पुढचे, मधुमेह नसलेले लोक होते. हृदयमृत्यू, हार्ट अटॅक आणि पक्षाघात मिळून २० टक्क्यांनी कमी झाले. लठ्ठपणा जर खरोखर राखणदार असता, तर वजन उतरवणाऱ्या औषधाने हे व्हायला नको होतं. (औषधाचे इतरही परिणाम असतात, त्यामुळे सगळं श्रेय वजनालाच द्यायचं नाही.) बाबांना हृदयविकार झालेला नाही, म्हणून त्यांच्यासाठी हे आज पहिलं औषध नाही. सहा महिने चालणं आणि ताट सांभाळून बघू.

दोघांनाही घेऊन या, पण काकांना याच आठवड्यात. जवळच्या सरकारी दवाखान्यात त्यांचा छातीचा एक्स-रे होईल, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणीही तिथे मोफत होते. रक्तात उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांची साखर, क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि लघवीत प्रथिनं जातात का ते. त्या दिवशी सकाळची बीपीची गोळी घेऊनच निघायचं. ‘तपासायला चाललोय म्हणून घेतली नाही’ हे वाक्य मी आठवड्यातून चारदा ऐकतो. जुनी चिठ्ठी, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि जमलं तर काकांचा रोजचा पट्टा आणा. कमरेचा म्हणतोय. आता ते कितव्या भोकाला लावतात आणि जुनी, रुळलेली खूण कितव्या भोकावर आहे, एवढ्यावरून मला वजन कधीपासून उतरतंय याचा अंदाज येईल.